नऊ महिन्यांची गद्धेपंचविशी

"ताई, मुलुंडला सहाव्या मजल्यावर टू-बीएचकेमध्ये आम्ही चौघं राहतो. मी, नवरा, अकरा वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. मुलीचा कुत्र्यासाठी दोन वर्षं हट्ट चाललाय. भांडुपच्या एका बाईंकडे फोस्टरला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरता सांभाळायला असलेला नऊ महिन्यांचा देशी कुत्रा आम्ही पाहून आलो आणि मुलगी त्याच्यावर फिदा झाली. पण तो एका घरातून तीन आठवड्यांत परत आलेला आहे. 'ऐकत नाही, चावतो' असं त्या घरच्यांचं म्हणणं. नवऱ्याच्या मते घ्यायचंच तर पंचेचाळीस दिवसांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू घ्यावं. लहानपणापासून वाढवलं की आपल्या वळणाचं होतं, हा तर आधीच बिघडलेला, असं तो म्हणतो. सासूबाई काहीच बोलत नाहीत. आम्ही दोघंही नोकरी करतो. काय करावं? आणि घेतलाच, तर नाव बदललेलं चालतं का? तिथे त्याला ब्रूनो म्हणतात, मुलीला लाडू ठेवायचंय.
– मुलुंडची एक आई"

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त अडलं ते वाक्य म्हणजे 'सासूबाई काहीच बोलत नाहीत'. त्याच्याकडे येते. आधी तुमच्या यजमानांशी थोडं भांडून घेते.

पंचेचाळीस दिवस म्हणजे जेमतेम साडेसहा आठवडे. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल केंद्र सरकारने २०१७ साली जे नियम केले, त्यांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. म्हणजे पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू 'एकदम फ्रेश' म्हणून दाखवणारा माणूस पहिल्याच पावलाला नियम मोडतोय, आणि बाकीच्या बाबतीत तो खरं बोलत असेल यावर मी तरी पैज लावणार नाही. हा नियम उगाच नाही. आईजवळ आणि भावंडांत लोळताना पिल्लू एक धडा गिरवतं: किती जोरात दात लावले की समोरचा कळवळतो आणि खेळ थांबतो. लवकर उचललेलं पिल्लू हा धडा अर्धवट टाकून येतं आणि मग तो आपल्या मनगटांवर पुरा करतं.

बरं, समजा तुम्ही रीतसर, दोन महिने पूर्ण झालेलं पिल्लू आणलंत. गणपतीत आणलंत, तर गुढीपाडव्याच्या सुमाराला ते नऊ महिन्यांचं होईल. लॅब्रॅडॉर असेल तर पंचवीस किलोच्या घरात गेलेलं असेल. आणि ज्या दिवशी ते सोफ्याची उशी फाडून कापूस हॉलभर पसरेल, त्या दिवशी तुमच्या घरात नेमका तोच कुत्रा उभा असेल, जो आज भांडुपला आहे. वयात येणं चुकवता येत नाही, ते फक्त पुढे ढकलता येतं. यजमानांना एवढंच विचारा, की हे सात महिने कुणाच्या सुट्ट्या खर्चून काढायचे?

आपल्याकडे माणसाच्या या वयाला गद्धेपंचविशी म्हणतात. कुत्र्याची ती साधारण सहाव्या महिन्याला सुरू होते आणि दीड वर्षापर्यंत चालते. मोठ्या जातींत दोन वर्षंही लागतात. या काळात त्याच्या अंगात ताकद मोठ्या कुत्र्याची असते आणि डोक्यात आवर पिल्लाचा. कालपर्यंत 'बस' म्हटल्यावर बसणारा प्राणी आज तुमच्याकडे असा बघतो, की आपण त्याच्याशी तमिळमध्ये बोललो असावं. हा तुमचा गैरसमज नव्हे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली हे तपासून पाहिलं. पाच महिन्यांची असताना सांभाळणाऱ्या माणसाचं ऐकणारी कुत्री आठव्या महिन्यात त्याच माणसाचं कमी ऐकू लागली. गंमत म्हणजे परक्या माणसाने सांगितलं, तर हीच कुत्री ऐकत होती. ज्यांच्या घरात दहावीतला मुलगा आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. शेजारच्या काकूंची पिशवी तो धावत जाऊन उचलतो आणि आईने पाणी मागितलं की ऐकू येत नाही. वर्षाची झाल्यावर ही कुत्री पुन्हा ताळ्यावर आली, हेही त्याच अभ्यासात दिसलं.

कुत्री परत जातात ती बहुतेक याच वयात. रविवारच्या दत्तक शिबिरांना मी बरीच वर्षं जाते आहे. टोपलीतली पिल्लं दुपारच्या जेवणाआधी संपतात. ही लांब तंगड्यांची, कान अर्धे उभे आणि अर्धे पडलेली पोरं संध्याकाळी परत गाडीत चढतात.

आता त्या 'चावतो' या शब्दाकडे. मराठीने इथे आपला घात केलाय. चप्पल चावतो तोही चावतो आणि माणसाला चावतो तोही चावतोच. ही दोन कुत्री अगदी वेगळी आहेत, त्यामुळे फोस्टरबाईंना फोन करा आणि स्पष्ट विचारा: नक्की काय चावला? चप्पल, चार्जर, सोफ्याचा कोपरा असेल तर ते वय आहे, वर कंटाळा आहे. पक्के दात सातव्या महिन्यापर्यंत येऊन गेलेले असतात, म्हणजे दात शिवशिवतात म्हणून तो कुरतडतोय असंही नाही. दिवसभर घरात कोंडलेल्या तरण्याताठ्या जिवाला दुसरा उद्योग नव्हता, इतकंच. खेळताना उत्साहात दंडाला तोंड लावलं असेल, तर तेही शिकवून जातं. पण ताटलीजवळ कुणी गेलं म्हणून गुरगुरला असेल, झोपेत हात लागला म्हणून दात रुतवले असतील, लहान मूल अंगाजवळ आल्यावर ताठ झाला असेल, तर अकरा वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांच्या आजी असलेल्या घरात तो आणू नका. त्याला अनुभवी, मोठ्या माणसांचं घर हवं. इथे दया येऊन निर्णय घेतला की दोघांचंही नुकसान होतं.

त्या बाई खरं सांगतील का? बहुतेक जणी सांगतात, कारण दुसऱ्यांदा कुत्रा परत यावा असं कुणालाच वाटत नसतं. तरी आपल्या डोळ्यांनी बघावं. तीन वेगवेगळ्या वेळी जा. एकदा सकाळी फिरण्याआधी, म्हणजे अंगात वारं भरलेला असताना. एकदा त्याच्या जेवणाच्या वेळी. आणि एकदा त्याला घेऊन रस्त्यावर, रिक्षा, हातगाड्या आणि दुसरी कुत्री असतील तिथे. घाबरला तर घाबरू दे, फक्त सावरायला किती वेळ लागतो ते बघा. भांडं पडल्यावर दचकून अर्ध्या मिनिटात वास घ्यायला परत येणारा कुत्रा आणि संध्याकाळपर्यंत पलंगाखालून न निघणारा कुत्रा, यांत फार फरक आहे.

मोठ्या वयाचा कुत्रा घेण्यातला खरा फायदा हाच. तो कळतो. पिल्लू म्हणजे बंद पाकीट असतं: किती उंच होईल, अंगावर केस किती, भित्रं निघेल की दांडगट, लेकराबाळांत रमेल की एकलकोंडं होईल, सगळाच अंदाज. नऊ महिन्यांचा कुत्रा पाकीट फोडून समोर बसलेला असतो. शिवाय पिल्लाला दर दीड-दोन तासांनी शू लागते, रात्रीसुद्धा. तुमच्या सहाव्या मजल्यावरून पहाटे तीनला लिफ्टने कोण उतरणार? नऊ महिन्यांच्या धडधाकट कुत्र्याला पाच-सहा तास कळ काढता येते. नव्या घरात पहिले काही दिवस तोही चुकेल, फडकं हाताशी ठेवा, ओरडू नका. पिल्लाच्या लसी साधारण चार महिन्यांचा होईपर्यंत चालतात, तोवर त्याला आपल्या गल्लीत मोकळं फिरवायची भीती असते, कारण पार्व्हो या विषाणूच्या आजाराने पिल्लं दोन-तीन दिवसांत हातची जातात. तुमचा उमेदवार त्या घाटातून पार झालेला आहे. लसींचं कार्ड मात्र हातात घेऊन वाचा, रेबीजची तारीख बघा, नसबंदी झाली आहे का विचारा. झाली नसेल तर कधी करायची ते तुमच्या व्हेटशी, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरशी, बोलून ठरवा.

तोटे लपवत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत पिल्लू जे जे बघतं, ते त्याला जन्मभर ओळखीचं वाटतं. ती खिडकी मग मिटत जाते. भांडुपच्या डोंगरउतारावर वाढलेल्या जिवाने त्या दिवसांत लिफ्ट पाहिली नसेल, मिक्सर ऐकला नसेल, गुळगुळीत टाइल्सवर पाऊल टाकलं नसेल. हे पुढेही शिकवता येतं, पण घासून घासून. त्यात या वयात भीतीची दुसरी लाट येते. काल ज्या कचऱ्याच्या डब्याशेजारून आरामात गेला, त्याच डब्यावर आज भुंकतो. अशा वेळी त्याला ओढत डब्याजवळ नेऊ नका. लांबून वळसा घाला, खाऊ द्या, चार दिवसांनी पुन्हा बघा.

माझा बंड्या घरी आला तेव्हा अकरा महिन्यांचा होता. आल्यानंतर दहाव्या दिवशी, गणपतीचेच दिवस, दादरच्या गल्लीत एकदम ताशा कडाडला. बंड्याने मान मागे खेचली, गळपट्टा कानांवरून सुटला आणि माझ्या हातात पट्टा आणि पुढे नुसती गर्दी. चार तासांनी फुलबाजारात झेंडूच्या पाट्यांमागे सापडला, तोही एका हारवाल्या मावशींनी चहातलं बिस्कीट देऊन थांबवून ठेवला म्हणून. चूक सगळी माझी. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते: पहिले दोन महिने छातीचा हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही, दोहोंना दोर, आणि गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला. दार उघडताना आधी आतलं सेफ्टी डोअर. तुमच्याकडे बाल्कनीला जाळी नसेल तर कुत्रा येण्याआधी बसवून घ्या. सहावा मजला आहे.

आणखी एक. पहिल्या तीन आठवड्यांवरून कुत्र्याची परीक्षा करू नका. आमच्यात एक ठोकताळा आहे: तीन दिवस तो गांगरलेला असतो, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक त्याला उमगतं, तीन महिन्यांनी हे आपलं घर आहे असं त्याच्या मनात ठरतं. आधीच्या घराने त्याला तीन आठवड्यांतच परत केला. म्हणजे त्यांनी पाहुणाच परत पाठवला, कुत्रा त्यांना भेटलाच नाही.

आता सासूबाई. दिवसभर घरात कोण असणार? त्याच. तुम्ही दोघं कामावर, मुलगी शाळेत. कागदावर कुत्रा मुलीचा असेल, पण सकाळी दहा ते चार तो सासूबाईंचा असणार आहे. म्हणून त्यांचं गप्प राहणं मला होकार वाटत नाही. नातीचं मन मोडायला नको म्हणून त्या बोलत नसतील. त्यांना पडायची भीती वाटत असेल, आणि ती खरी आहे. अठरा-वीस किलोचा आनंदी कुत्रा मागून येऊन गुडघ्यावर आदळला, तर या वयात खुब्याचं हाड जायला वेळ लागत नाही. कदाचित त्यांना देवघराजवळ तो नको असेल, सोवळ्याचा प्रश्न असेल. त्यात हसण्यासारखं काही नाही. त्यांच्याशी एकट्याने बोला, मुलगी घरात नसताना. आणि नुसतं 'चालेल ना?' विचारू नका, त्याचं उत्तर 'तुमची मर्जी' असंच येतं. 'तुमच्या कोणत्या खोलीत तो आलेला चालणार नाही?' असं विचारा. मग त्या बोलतील. जिथे नको म्हणतील तिथे लहान मुलांसाठी लावतात तसं छोटं गेट बसवा. त्या चालत्या-फिरत्या असताना कुत्रा सुरुवातीला हॉलच्या कोपऱ्यात दोरावर, जवळ चघळायला काहीतरी. अंगावर उड्या मारणं मोडायचं, तर घरातल्या प्रत्येकाने एकच करायचं: चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच त्याच्याकडे बघायचं, तेव्हाच बोलायचं. एकाने लाडाने उडी घेऊ दिली की आठवड्याची मेहनत पाण्यात, आणि ते लाड करणारे बहुतेक वेळा घरातले बाबाच असतात, हे मी बघून सांगते.

सासूबाईंनी मनापासून हो म्हटलं, तर मात्र त्यांना खाण्याची यादी द्यावी लागेल, कारण आजी मंडळी भरवल्याशिवाय राहत नाहीत. कांदा-लसूण नाही, पोह्यांतलाही नाही. द्राक्षं आणि बेदाणे अजिबात नाहीत, त्यांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते, आणि आपल्या शिऱ्यात बेदाणे असतातच. चॉकलेट नाही. दूधभात प्रेमाने देतात, पण बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि मग रात्री जागरण तुमचं. उकडलेलं अंडं, बिनमिठाचं चिकन आणि भात, गाजर, दुधी यांवर कुणाचं काही बिघडत नाही.

यजमानांना दोन कामं. सकाळची फेरी त्यांची, सहा ते पावणेसात, रोज, पावसातही. हे ते आनंदाने करणार नसतील, तर पिल्लूही आणू नका आणि मोठाही आणू नका. या वयाच्या कुत्र्याला दिवसातून दोनदा पाऊण तास तरी बाहेर हवा, आणि त्या वेळात त्याला मनसोक्त हुंगू द्यावं. नुसतं ओढत चालवण्यापेक्षा वास घेण्यात त्याचं डोकं जास्त दमतं. दुसरं काम सोसायटीचं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केलंय, की कोणतीही सोसायटी बहुमताच्या ठरावानेसुद्धा पाळीव कुत्र्यांवर बंदी घालू शकत नाही, लिफ्टही नाकारू शकत नाही. पण हा कागद पहिल्याच दिवशी चेअरमनच्या नाकासमोर धरू नका, खिशात राहू द्या. आधी महापालिकेचा श्वान परवाना काढा, लिफ्टमध्ये कुणी घाबरलं तर पुढच्या फेरीने जा, आणि शी उचलायची पिशवी सगळ्यांना दिसेल अशी हातात ठेवा. पिशवी दिसली की निम्मे विरोधक गप्प होतात.

पावसाळ्याबद्दल दोनच गोष्टी. तुंबलेल्या पाण्यातून त्याला नेऊ नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, कुत्र्यालाही आणि माणसालाही. लसीत लेप्टो आहे का ते व्हेटला विचारा. आणि गोचिडांचं औषध न चुकता द्या, त्यांच्यामुळे येणारा ताप आपल्याकडच्या कुत्र्यांना फार छळतो. जवळचा व्हेट ठरवून ठेवा. दुसरं मत हवं झालं, तर परळचं बाई साकरबाई पेटिट हॉस्पिटल आहेच, ज्याला अख्खी मुंबई बैलघोडा म्हणते.

तर माझा कौल भांडुपच्या पोराच्या बाजूने आहे, पण दोन आठवडे फोस्टर म्हणून आणा, कायमचा म्हणून नको. बहुतेक लोक याला तयार असतात, त्या बाईही होतील. शक्यतो त्या दोन आठवड्यांत तुमच्यापैकी एकाने चार-पाच दिवस रजा काढा. पण रोज थोडा वेळ सगळ्यांनी घराबाहेर पडा, आधी पाच मिनिटं, मग पंधरा, मग तास. नाहीतर रजा संपल्यावर तो दार ओरबाडत बसेल आणि खालच्या मजल्यावरून फोन येतील. मुलीला आधीच सांगून ठेवा, की हे दोन आठवडे परीक्षा आपली आहे, त्याची नाही. आणि परत द्यायची वेळ आलीच, तर त्यातही तिला बरोबर न्या.

राहिलं नाव. खुशाल बदला. चार दिवस नव्या नावामागून लगेच खाऊ मिळाला की तो त्या नावाला वळतो, ब्रूनोचं त्याला काही देणंघेणं नाही. फक्त लाडू ठेवण्याआधी एकदा दिवाळीचा विचार करा. सासूबाई स्वयंपाकघरातून 'अगं, लाडू आण गं इकडे' म्हणतील, तेव्हा आधी कोण धावत येणार आहे?